नऊ नंबरला अकरा मिनिटं

वनिताताई,

तुमच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळायची होती. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. मला ती खोड आहे आणि ती कुणी लावली हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. एक्केचाळीस सेकंद झाले आणि मुख्याध्यापिका बाईंनी घसा खाकरून "ओम शांती" म्हटलं. मुलं वर्गाकडे पळाली. बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "फलकावर लावायला चार ओळी लिहून द्या हं जरा. मनमिळाऊ, कष्टाळू, असं काहीतरी. तुमचं मराठी छान आहे."

माझं मराठी छान आहे! दोन वर्षांपूर्वी एक कागद लिहून घेतानाही त्या हेच म्हणाल्या होत्या. त्या कागदाबद्दल मला तुमच्याशी बोलायचं होतं. आज बोलू, उद्या बोलू, सुट्टी संपली की बोलू असं करत दोन वर्षं काढली, आणि तुम्ही रविवारी सकाळी चहा ठेवता ठेवता गेलात. मग आता चार ओळी कसल्या लिहू? हेच लिहिते.

तेरा वर्षं आपण एका खोलीत काढली. पनवेलच्या या शाळेत मी कॉम्प्युटर शिकवणार आणि तुम्ही लॅब सांभाळणार. मी मॅडम, तुम्ही वनिताताई. "मला नावानं हाक मारा हो," असं मी दोनदा म्हटलं असेन. तुम्ही तोंडाला पदर लावून हसलात आणि परत मॅडमच म्हणालात. तुमच्या गावच्या, उलव्याकडच्या बायकांत तुम्ही एकट्याच कॉम्प्युटरवाल्या. तिथे म्हणे तुम्हाला "मशिनवाली" म्हणायचे. शाळेत तुम्हाला काहीच म्हणायचे नाहीत. शाळेत तुमच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

बावीस कॉम्प्युटर होते. कुठल्याशा ऑफिसनं वापरून वापरून टाकून दिलेले, मोठा समारंभ करून आपल्याला दान केलेले. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची, आतलं काहीतरी घरघरायचं, मग एक बीप. एक बीप म्हणजे ठीक. तीन बीप म्हणजे रॅम रुसली. मग तुम्ही डबा उघडून रॅमची पट्टी काढायच्या, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायच्या, फुंकर मारायच्या, परत बसवायच्या. इंजिनियर बोलावला असता तर तो चार दिवसांनी आला असता आणि त्यानंही खोडरबरच काढलं असतं. काहींची आतली बॅटरी मेलेली. त्यांची तारीख रोज सकाळी वीस वर्षं मागे जायची, तुम्ही रोज ती पुढे आणायच्या. कितीदा मी म्हटलं, "असू द्या हो, मुलांना काय फरक पडतो?" तुमचं ठरलेलं उत्तर: "त्याला पडतो ना, मॅडम. त्याला कलायला नको का, आज काय वार हाय?"

प्रत्येकाची सुरू होण्याची वेळ वेगळी. सतरा नंबर तीन मिनिटांत, चार नंबर सात, आणि नऊ नंबर... देवा! नऊ नंबर सुरू व्हायचा तोवर माणूस आंघोळ करून आला असता. सगळे एकदम लावले की मुख्य स्विच पडायचा. तुम्ही शाळेत यायच्या सात वाजून पाच मिनिटांनी. आधी नऊ नंबर, मग चार आणि तेरा, मग दोन-दोन करत पुढचे, शेवटी सतरा. आणि साडेसातला, पहिल्या तासाची घंटा होताना, बावीसच्या बावीस पडदे तयार. मुलं यायची, बसायची, कामाला लागायची. तेरा वर्षांत, तुम्ही असताना, एकाही पोराला कळलं नाही की या यंत्रांना सुरू व्हायला वेळ लागतो. त्यांना वाटायचं, कॉम्प्युटर असाच असतो, आपली वाट बघत बसलेला.

खरं सांगू? मलाही पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं. तुमच्या लेकीच्या लग्नाला तुम्ही तीन दिवस रजेवर गेलात. मी मोठ्या तोऱ्यात घंटेला लॅब उघडली आणि मुलांना म्हटलं, "चला, आपापला सुरू करा." खटाक. अंधार. स्विच वर केला, परत खटाक. नऊ नंबरचा पडदा उजळला तेव्हा तासाची पंधरा मिनिटं उरली होती आणि मागच्या बाकांवर चप्पल फेकाफेकी चालू होती. तुम्ही हातात हिरव्या बांगड्या भरून परत आलात, मी रडगाणं गायलं, तर केवढ्या हसलात! "आवो मॅडम, एकदम लावलेत? मानसं तरी एकदम उठतात का सकालची? कोन चूळ भरतंय, कोन पडून हाय. त्यांचा त्यांचा टायम घेऊ द्यायचा."

आणि ते दुसरं तुमचं वाक्य. मध्येच एखादा बंद पडून परत लावला आणि पडद्यावर डोंगर-हिरवळीचं चित्र आलं की मी घाईनं माउस धरायची, आणि तुम्ही लांबून ओरडायच्या, "थांबा! चित्र आलं म्हंजी तयार नाय झाला!" खरंच नसायचा. चित्रामागे अजून मिनिटभर त्याचं काहीबाही चालूच असायचं, आणि मध्ये बोट घातलं की तो अडकून बसायचा. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी पदवी घेऊन आलेली, तुम्ही दहावी. पण वर्गात मुलांना हे वाक्य मी माझं म्हणून सांगायची.

तुम्ही वेळा लिहून ठेवायच्या. शाळेत पाठकोऱ्या कागदांना तोटा नसतो. बिघडलेल्या प्रिंट, जुन्या सूचना, चुकलेल्या प्रश्नपत्रिका. एक बाजू वापरलेली, दुसरी कोरी. त्या कोऱ्या बाजूवर तुम्ही दर महिन्याला बावीस आकडे उभे लिहायच्या. कुठला आळसावला, कुठला खोडरबर मारल्यावर सुधारला, कुणाचा पंखा ढिला झाला. तुमचं अक्षर सुरेख नव्हतं, पण एकही आकडा अंदाजानं लिहिलेला नसायचा.

आता त्या कागदाचं सांगते.

संस्थेला नवीन कॉम्प्युटर घ्यायचे होते. का घ्यायचे, त्याचं टिपण हवं होतं. मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून घेतलं. "जुने किती वेळ खातात, ते आकड्यांत दाखवा. आणि नवीन आल्यावर काय काय वाचेल, तेही लिहा. मनुष्यबळ वगैरे. कळलं ना?" मला कळलं होतं. न कळल्यासारखं दाखवता आलं असतं, मान हलवून विसरता आलं असतं, भांडता आलं असतं. पण मला नवीन कॉम्प्युटर हवे होते, ताई. मी कंटाळले होते घरघरीला. शेजारच्या शाळेतल्या मॅडम चकचकीत लॅबचे फोटो टाकायच्या आणि मी मनात जळायची. हे कारण लिहायलाही लाज वाटते, पण कारण एवढंच होतं.

मग मी काय केलं? तुमच्याकडेच आले. "ताई, वेळांची यादी द्या ना जरा." तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तेरा वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा ती यादी मागत होतं. तुम्ही खुर्ची ओढलीत, मला बसवलंत, एकेक आकडा वाचून दाखवलात, वर कौतुकानं सांगितलंत की चार नंबर पूर्वी नऊ मिनिटं घ्यायचा, तुम्ही त्याला सातावर आणलात. मी उतरवून घेत होते. मान वर करायची हिंमत नव्हती, म्हणून भराभरा लिहीत होते.

टिपण टाईप केलं. वर तक्ता, खाली चार मुद्दे आणि शेवटी वाक्य: "नवीन संगणक अवघ्या काही सेकंदांत सुरू होत असल्याने स्वतंत्र प्रयोगशाळा सहाय्यकाची आवश्यकता राहणार नाही." खाली माझं नाव. आणि मूर्खासारखी मी प्रिंटचं बटण दाबलं. लॅबमध्ये बसून! प्रिंटर तुमच्या टेबलावर होता. रोजचीच गोष्ट होती. मी बटण दाबायचं, कागद तुमच्या पुढ्यात पडायचा, तुम्ही आणून द्यायचा. उठेपर्यंत कागद बाहेर आला होता आणि तुम्ही तो हातात धरून बघत होतात.

तुम्ही म्हणालात, "मॅडम, कडेची अक्षरं कापली गेली. समास नीट करा, परत काढा."

मी समास नीट केला. परत काढला. दुसरा कागद तुम्ही आणून दिलात, दोन्ही हातांनी, रोज देता तसाच. पहिल्याचं काय केलंत ते मी विचारलं नाही. घरी जाताना मी स्वतःला समजावलं की त्यांनी फक्त कड बघितली. एवढी जड भाषा कशाला वाचतील त्या? "मनुष्यबळ", "आवश्यकता", हे काय त्यांचे शब्द आहेत? बघा, काय लायकीची बाई आहे मी. तुमच्या कमी शिक्षणाचाच आधार घेतला.

नवीन आले. बटण दाबलं की आठ सेकंद. घरघर नाही, बीप नाही, आत फिरणारी तबकडीच नाही. सगळे एकदम लावले तरी काही होत नाही. सचिव साहेबांनी फीत कापली, मी फोटो टाकला. दोन आठवड्यांत तुम्हाला गेटवर बसवलं. प्लास्टिकची खुर्ची, वर पत्रा आणि आल्या-गेल्याची वही. जुने बावीस कळंबोलीच्या भंगारवाल्यानं टेम्पोत भरून नेले, आणि वहीत "भंगार, बावीस नग, बाहेर" ही नोंद तुम्हालाच करावी लागली. मी वरच्या खिडकीतून बघत होते. तुम्ही उठून टेम्पोवाल्याला सांगत होतात, "दादा, तो नऊ नंबर वर ठेवा, त्याचा पंखा ढिला हाय." भंगारात जाणाऱ्याचा पंखा! मी खिडकी लावून घेतली.

नंतर दोन वर्षं रोज सकाळी आपलं एकच बोलणं. मी गेटमधून आत येणार, तुम्ही विचारणार, "मॅडम, झाले का सुरू?" मी म्हणणार, "होतील हो, आठ सेकंदात." तुम्ही म्हणणार, "ऱ्हाऊ द्या, आठ सेकंद!" आणि हसणार. मला वाटायचं, सुटले. हसतायत म्हणजे काही ठाऊक नाही. कधी वाटायचं, टोमणा आहे. खरं काय ते तुम्ही एकदाही कळू दिलं नाहीत, आणि याबद्दल मी तुमच्यावर चिडलेय, ताई. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. का चिडू नये?

एकदा मात्र तुम्ही वाद घातलात. "मॅडम, तो नवीन खरा बंदच होत नाय. झोपल्याचा सोंग करतो. म्हनून उठतोय लगेच." मी म्हटलं, असं काही नसतं, बंद म्हणजे बंद. तुम्ही मान हलवलीत. "आत जाऊन बघा, किती दिवस चालू दावतोय." मी तोऱ्यात म्हटलं, तुमचं काहीतरीच. वर गेले, दार लावून बघितलं. आदल्या दिवशी मी स्वतः बंद केलेला कॉम्प्युटर आत लिहून दाखवत होता: एकोणीस दिवस चालू. बंद करताना तो आतला बराचसा पसारा जसाच्या तसा जपून ठेवतो, आणि सकाळी तिथूनच उठतो. तुमचं शंभर टक्के बरोबर होतं. नवीन यंत्रांपाशी तुम्हाला जेमतेम दोन आठवडे मिळाले, आणि त्यात जे तुम्ही पाहिलंत ते मला वर्षभरात दिसलं नव्हतं. खाली येऊन सांगायचं होतं, तुम्ही जिंकलात म्हणून. नाही सांगितलं. तो वाद तसाच राहिला. घ्या, आता सांगते. तुम्ही जिंकलात.

आणि ते आठ सेकंदही गेले, बरं का. दोन वर्षांत तेही सुस्तावले. हे अपडेट, ते अपडेट. परवा एकाला पाऊण मिनिट लागलं तर माझा जीव नुसता वर-खाली, मुलं "मॅडम, हँग झालंय, मॅडम हँग" म्हणून बोंबलतायत. पाऊण मिनिट! नऊ नंबरला अकरा मिनिटं लागायची तेव्हा, तुम्ही असताना, कुणाला एक क्षण थांबावं लागलं नव्हतं. सगळ्यांच्या वाटचं थांबणं सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी तुम्ही एकट्या थांबून घेत होतात. मी ते वाचवायला निघाले होते.

दहाव्याला तुमच्या घरी आले होते. मोठी बांधकामं चारी बाजूंनी, मध्ये तुमचं घर. तुमच्या यजमानांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. डोक्यावरून विमान गेलं तसे ते बोलता बोलता थांबले, आवाज विरल्यावर पुढे बोलू लागले. मी येताना पाठ करून आले होते. दादा, ताईंना लॅबमधून काढलं ते माझ्यामुळे. तोंड उघडलं तर निघालं काय? "ताई फार कष्टाळू होत्या." मुख्याध्यापिका बाईंचाच शब्द! जीभ हासडून टाकावीशी वाटली.

ते उठले, आतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. "शालंचा काय काय हाय यात. तिनं जपून ठेवलेला. तुमालाच लागल, आमी काय करनार?"

पिशवीत एक स्क्रू ड्रायव्हर होता. झिजून करंगळीएवढं उरलेलं खोडरबर होतं. आणि एक घडीचा कागद. उघडला. तुमचं अक्षर, बावीस आकडे, वर तारीख. मी तारीख दोनदा वाचली. टिपण दिल्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. म्हणजे त्याही सकाळी तुम्ही सात पाचला आलात, नऊ नंबर आधी लावलात, वेळा लिहिल्यात, आणि मी साडेसातला येऊन तयार कॉम्प्युटरसमोर बसले.

पाठकोरा कागद. मी तो उलटा केला.

माझं टिपण. कडेची अक्षरं कापलेलं.

तुम्ही सगळं वाचलं होतंत. वाचलं होतंत हे मला कसं कळलं? तक्त्यात लाल पेनाची एक खूण होती. नऊ नंबरसमोर मी "८" लिहिलं होतं. त्या दिवशी मान खाली घालून भराभरा उतरवताना चुकले असेन. तुम्ही ते आठ खोडून शेजारी "११" केलंत. जितका जास्त आकडा तितकं तुमचं काम लवकर जाणार होतं, हे न कळण्याइतक्या भोळ्या तुम्ही नव्हतात. तरी आकडा बरोबर केलात. शेवटच्या वाक्याला मात्र लाल पेन लावला नाहीत. तिथे तुम्हाला काहीच दुरुस्त करावंसं वाटलं नाही?

तुमच्या यजमानांनी विचारलं, "काय हाय त्यात?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं, खालचं माझं नावही वाचलं. त्यांनी माझ्यासमोरचा पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ती बोलली होती मना. म्हनाली, मॅडमना सांगू नका, मना म्हाईत हाय म्हनून, त्या लॅबमध्ये एकट्याच असतात, त्यांचा मन लागनार नाय."

ताई, तुम्ही भांडायला हवं होतंत हो. गेटवर मला अडवून, चारचौघांत, तुमच्या उलव्याच्या भाषेत माझी खरडपट्टी काढायला हवी होतीत. मी रडले असते, पाया पडले असते, बाईंकडे जाऊन टिपण परत मागितलं असतं. कदाचित नसतंही मागितलं. तेही तुम्हाला ठाऊक असावं. म्हणून तर तुम्ही, नऊ नंबरची बघायच्या तशी माझी वाट बघत, रोज तेच विचारत राहिलात, झाले का सुरू.

बाईंना अजून चार ओळी हव्या आहेत. मी एक अक्षर नवीन लिहिणार नाही. त्यांना छान मराठी हवं होतं ना, ते तुम्ही जपलेल्या या कागदावर आहेच, माझ्या नावासकट. फलकावर उद्या हाच कागद लागेल. पिनांनी टोचून नाही, वरून दोऱ्यानं टांगून, म्हणजे एका बाजूला माझं टिपण दिसेल आणि उलटला की तुमचे बावीस आकडे. बाई काढून टाकतील, मला ऑफिसात बोलावतील, तुमच्या रिकाम्या खुर्चीवर मला बसवायचं म्हणतील तर बसेन. पण तोवर निदान पहिल्या तासाची मुलं वाचतील की नऊ नंबरला अकरा मिनिटं लागायची.

लावायला मी सात वाजून पाच मिनिटांनी जाणार आहे.